पानं गळालेली बाग आणि पेव्हर ब्लॉकचा ठराव

ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी असलेल्या एका सोसायटीचं हे प्रकरण आहे. चार इमारती, मधोमध वीसेक वर्षांची बाग, आणि मागच्या भिंतीला लागून एक काटेसावर, जी इमारतींच्या आधीपासून तिथे उभी आहे. जानेवारीच्या सुरुवातीला कमिटीपुढे ठराव आला: बागेचा 'वाळलेला भाग' काढून टाकायचा, तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, वर कृत्रिम हिरवळीची पट्टी, चार बाकं आणि कुंड्यांमधून पिटुनिया. कोटेशन आलेलं होतं, सोबत रंगीत चित्रही होतं.

वाळलेल्या भागात काय काय धरलं होतं ते सांगते, कारण प्रकरणाची गाठ तिथेच आहे. गेटपासून क्लबहाऊसपर्यंतचे सहा देवचाफे. त्यांच्या पायाशी फुटबॉल लिलीचा वाफा, ज्यात त्या दिवसांत नुसती माती दिसत होती. कोपऱ्यात एका आजींनी हौसेनं लावलेली हळद आणि सुरण. मोगऱ्याची रांग. आणि ती सावर, जिच्यावर एकही पान उरलं नव्हतं.

कमिटीतल्या एका ताईंनी "तोडायच्या आधी कुणाला तरी दाखवू या" असा आग्रह धरला. मी सोसायट्यांच्या बागांना सल्ला देते, म्हणून मला बोलावणं आलं. सेक्रेटरी काका फोनवरच म्हणाले, "मॅडम, मेलेल्या झाडांवर पाणी आणि पगार घालवणं सभासदांना पटत नाही आता." त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. मेंटेनन्सचा पैसा लोकांचा, त्याचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. फक्त झाडं खरंच मेलीत का, हे आधी कुणीतरी बघायला हवं होतं.

आपल्याकडचा हिवाळा

ठाण्याचा हिवाळा झाडांना थंडीनं मारत नाही. रात्री पारा १६ ते १८ अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी आणखी खाली जातो, आणि दुपारी पुन्हा ३० च्या वर चढतो. झाडांना जाणवतो तो कोरडेपणा. वर्षाचा साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. ऑक्टोबरची हीट जमिनीतली वरची ओल ओढून घेते, आणि मग जमिनीवरून येणारे ईशान्येचे कोरडे वारे सुरू होतात. पानांच्या रंध्रांमधून पाणी सारखं हवेत जात असतं. पानझडी झाडं हा खर्चच थांबवतात. पानातलं नत्र आणि इतर कामाची द्रव्यं आधी खोडात ओढून घेतात, देठाच्या मुळाशी पेशींचा एक पडदा तयार करतात आणि मग पान सोडून देतात. म्हणजे पान गळणं हे झाडानं स्वतः केलेलं काम आहे. फांदी अचानक मेली, तर तिच्यावरची पानं बहुतेक वेळा वाळून तिथेच लोंबत राहतात, कारण पान सोडायलासुद्धा जिवंत पेशी लागतात. पान तुटलेल्या जागी स्वच्छ, भरलेली खूण दिसली तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सोसायटीच्या गच्चीवरून येऊरचा डोंगर समोर दिसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा पूर्वेकडचा भाग. जानेवारी सुरू झाला की तिथले मोई, शिरीष, साग, सावरी एकेक करून उघड्या पडत जातात. खालच्या बागेतही त्याच डोंगराचं वेळापत्रक चालू होतं.

माळीमामांबरोबर फेरी

बागेचे माळी मुरबाडकडचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्या देवचाफ्यापाशी उभं राहून मी विचारलं, "मामा, याला पानं कधी येतात?"

"मार्च सरता सरता फुलं, त्याच्यामागनं पानं. दर वर्षाचं ठरलेलं आहे, ताई. पण मला विचारतात ते जानेवारीत."

इतकी वर्षं तिथे काम करणाऱ्या माणसाला ठरावाच्या बैठकीत कुणी बोलावलं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तपासणी साधी होती. फांदीच्या शेंड्यापासून वीतभर खाली टाचणी हलकेच टोचली, की पांढरा चीक लगेच थेंब होऊन वर येतो. नखानं साल किंचित खरवडली, की खाली ओला हिरवा थर दिसतो. पाच झाडांनी दोन्ही खुणा दिल्या. सहावं, पाण्याच्या व्हॉल्व्हजवळचं, वेगळं निघालं. बोट दाबलं तर साल आत गेली. चीक नाही, आतला भाग तपकिरी आणि आंबूस वासाचा. ते खरोखरच गेलेलं होतं. त्याच्याकडे पुढे येते.

देवचाफ्याची फांदी पानं असताना नीट दिसतच नाही. आता सकाळच्या तिरप्या उन्हात ती पूर्ण दिसत होती: जाड, राखाडी, दोन-दोन तीन-तीन फाट्यांनी वर गेलेली, आणि तिच्यावर गळलेल्या प्रत्येक पानाची अर्धचंद्राकृती खूण. खुणा फांदीभोवती फिरत फिरत शेंड्यापर्यंत चढतात. जिथे त्या दाट असतात तिथे वाढ मंद झालेली असते, जिथे विरळ असतात तिथे फांदी भरभर वाढलेली असते. मामांनी एका फांदीवर बोट ठेवून गेल्या पावसाळ्याचा पट्टा दाखवला, खाली दाट खुणांचा हिवाळा, त्याखाली आदला पावसाळा. आणि अगदी टोकाला, घट्ट मिटलेला, हिरवट-तांबूस कोंब. मला विचाराल तर हे झाड जानेवारीत जितकं देखणं असतं तितकं जुलैत नसतं. क्लबहाऊसच्या फिक्या पिवळ्या भिंतीवर त्या पाचही झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. कोटेशनच्या रंगीत चित्रात नेमकी तीच भिंत झाकलेली होती.

लिलीच्या वाफ्यात खुरप्यानं कडेची माती सावकाश सारली. हाताच्या बोटभर खोलीवर कंद लागला. टणक, कोरडा, पांढरट मुळं शाबूत. फुटबॉल लिलीची पानं हिवाळ्यात पूर्ण जिरतात, कंद जमिनीखाली शांत राहतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात एकदम लाल गोल गेंद वर येतो. या वाफ्याला जानेवारीत रिकामं म्हणणं म्हणजे धान्याची कोठी झाकलेली आहे म्हणून घरात दाणा नाही असं समजणं झालं. मी कंद परत झाकला.

हळदीचं तर उलटंच होतं. तिची पानं पिवळी पडून लोळली होती, आणि त्यावरून तो कोपरा 'सुकलेला' ठरला होता. हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली की ती काढणीला आली, हे कोकणात आणि सांगली-साताऱ्याकडे कुणालाही माहीत असतं. सुरणाचंही तसंच. वरची छत्री कोसळते ती खाली गड्डा भरल्यावर.

उपचारानंच झालेलं नुकसान

इथे मला खरी अडचण दिसली, आणि ती पानगळीत नव्हती. बागेला रोज सकाळी पाइपनं भरपूर पाणी सुटत होतं, मे महिन्यात जेवढं लागतं तेवढंच. नोव्हेंबरात पानं गळायला लागली तशी "झाडं सुकतायत" म्हणून पाणी उलट वाढवलं होतं. पान नसलेला देवचाफा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या जाड फांद्यांत स्वतःचा साठा असतो. अशा झाडाच्या मुळाशी सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. सहावं झाड उताराच्या खालच्या टोकाला, गळक्या व्हॉल्व्हशेजारी उभं होतं. तहानेनं नव्हे, ते कुजून गेलं होतं.

दुसरी गोष्ट खताची. डिसेंबरात हिरवेपणा यावा म्हणून युरिया टाकला होता. विश्रांतीतल्या झाडांनी तो घेतला नाही, पण जास्वंदीनं घेतला आणि कोवळी, मऊ फूट काढली. त्या फुटीवर पिठ्या ढेकूण बसला होता, शेंड्यांना पांढऱ्या कापसासारखा चिकटून. मुंग्या त्याची राखण करत वर-खाली चालल्या होत्या. मोगरा मात्र रोजच्या पाण्यानं ना झोपला ना जागा राहिला. मोगऱ्याला, लिंबाला, डाळिंबाला शेतकरी बहार धरण्याआधी ताण देतात. पाणी तोडतात, झाड थोडं कोमेजू देतात, मग छाटणी, खत आणि पाणी. ताण मिळाला नाही तर वाढ सगळी पाल्यात जाते आणि कळी रुसते. या मोगऱ्याला गेली दोन-तीन वर्षं फूल कमी येतंय ही तक्रारही कमिटीच्याच वहीत लिहिलेली होती. तिचं कारण बागेतल्या नळात होतं.

या प्रकरणातलं माझं मत एवढंच आहे: झाडांच्या विश्रांतीला आजार समजलं गेलं, आणि त्या आजारावर केलेल्या उपचारानं एक झाड मेलं, एक रोगट झालं, एकाची फुलं गेली. पेव्हर ब्लॉक हा त्याच उपचाराचा शेवटचा टप्पा होता.

गळलेला पाला रोज गोळा करून मागच्या भिंतीशी जाळला जात होता, तेही थांबवायला सांगितलं. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, आणि हिवाळ्यात तर धूर वरही जात नाही. सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर आणि बांधकामांची धूळ दोन्ही जमिनीजवळच तरंगत राहतात.

सावर

सावरीचा प्रश्न वेगळा होता, कारण ती पाडायची तर परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. 'वाळलेलं आहे' एवढं आपसांत ठरवून चालत नाही. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं, आणि या सावरीचा घेर पाहता ती त्यात बसण्याची शक्यता होती. कमिटीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये 'ट्री रिमूव्हल' ही एक साधी ओळ होती.

पण कायद्यापेक्षा मला तिच्या फांद्यांकडे बघायचं होतं. सहाव्या मजल्यावरच्या एका काकूंनी त्यांच्या बाल्कनीत नेलं. तिथून सावरीच्या वरच्या फांद्या अगदी समोर येतात. खालून ज्या नुसत्या काड्या वाटत होत्या त्यांवर ओळीनं कळ्या होत्या, गडद हिरव्या-तपकिरी, बोराएवढ्या, आडव्या फांदीवर सरळ वर तोंड करून बसलेल्या. सावर पानं टाकते आणि पानांच्या आधी फुलते. फुलं मोठी, जाड पाकळ्यांची, लाल, मधानं ओलसर. मध्ये पानं आड येत नाहीत, त्यामुळे पक्ष्यांना ती लांबून दिसतात आणि गाठता येतात. काकू म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं हे झाड फेब्रुवारीत कुठून तरी जिवंत होतं." जिवंत ती डिसेंबरातही होती. फक्त सहाव्या मजल्यावरून बघावं लागत होतं.

रविवारची फेरी

लेखी अहवाल दिला असता तर तो फाइलमध्ये गेला असता. म्हणून मी ताईंना सुचवलं की संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी सगळ्या सभासदांना बागेत बोलवा. साठेक घरांतून पंधरा-वीस माणसं आली, पोरं वेगळीच.

काहींना बाग आधीपासून ओळखीची होती, हे तिथे कळलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशात ठेवायच्या पाच डहाळ्या बायका याच बागेतून नेतात. कुठली कोरांटी पिवळी, कुठली जांभळी, हे त्यांना पाठ होतं. कोरांटी तेव्हा ऐन बहरात होती, कुणी खास पाणी न घालताही. एका आईनं मुलाच्या बोरन्हाणासाठी बोरं कुठे मिळतील म्हणून विचारलं, तर मामांनी येऊरच्या रस्त्यावरचं झाड सांगितलं. अशा गोष्टींनी वातावरण सैल झालं.

मी टाचणीचा प्रयोग पोरांकडून करवला. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून आधी बजावलं, नंतर हात धुवायला लावले. पाच झाडांना चीक आला, सहाव्याला नाही, आणि "मग हे गेलं का?" हा प्रश्न एका मुलीनं विचारला. होय, हे गेलं, असं स्पष्ट सांगणं महत्त्वाचं होतं. सगळंच जिवंत आहे असं म्हटलं असतं तर माझ्या बाकीच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

फेरीचा निकाल मात्र आजींनी लावला. त्यांनी मामांना कुदळ आणायला सांगितली आणि सगळ्यांदेखत हळदीचा एक गड्डा उपटला. माती झटकली, नखानं साल काढली, आत ते केशरी-पिवळं. ओल्या हळदीचा वास आसपास सुटला. एका वाफ्यातून टोपलीभर हळद निघाली आणि ती तिथेच वाटली गेली. लोणच्यासाठी कुणी किती न्यायची यावर बायकांचं बोलणं सुरू झालं. सेक्रेटरी काकांच्या हातातही एक गड्डा होता. ते म्हणाले, "म्हणजे हा कोपरा आपण पीक तयार झालं म्हणून खणून टाकणार होतो."

त्या संध्याकाळी कमिटीनं ठराव जूनपर्यंत पुढे ढकलला. रद्द केला नाही, आणि ते योग्यच झालं. झाडांनी स्वतः उत्तर द्यायला तेवढा वेळ लागणार होता.

काय बदललं

पाण्याचा तक्ता व्हॉल्व्हवर टांगला. देवचाफ्यांना कोंब फुटेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती कोरडी असेल तरच. लिलीचा वाफा पूर्ण बंद. मोगऱ्याचं पाणी तोडलं, जानेवारीच्या अखेरीस छाटणी, मग शेणखत आणि भरपूर पाणी. जास्वंद आणि कढीपत्त्याला आठवड्यातून दोनदा. गळका व्हॉल्व्ह बदलला. जास्वंदीचे लागण झालेले शेंडे कापून काढले, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं कीड धुतली आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून फवारलं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

पाल्याचं आच्छादन केलं, तीन-चार इंचांचा थर, खोडापासून वीतभर दूर. त्यात देवचाफ्याची पानं मात्र घेतली नाहीत. त्यांच्या पाठीवर पावसाळ्यापासून तांबेऱ्याची, म्हणजे एका बुरशीच्या रोगाची, नारिंगी भुकटी होती, ती पुन्हा मुळाशी नेऊन ठेवण्यात अर्थ नव्हता. ती पिशव्यांत भरून वेगळी दिली. कुर्डूचे वाळलेले तुरे मामा दर वर्षी उपटत, ते या वेळी फेब्रुवारीपर्यंत राहू दिले. मुनियांचा एक थवा त्यांवर सकाळी उतरायला लागला, एवढं कारण मला पुरेसं आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सावर फुलली. मैना, बुलबुल, पोपट, कोतवाल, शिंजीर आणि खारी, सगळे एकाच झाडावर, आणि रात्री वटवाघळं. हिवाळ्यात इकडे येणारे राखी कोतवालही त्यात होते. सहाव्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत सकाळी चहाला माणसं जमू लागली. पाचांपैकी चार देवचाफे मार्च संपताना फुलले, पाचव्यानं त्या वर्षी नुसती पानं काढली. मोगरा एप्रिलमध्ये असा आला की देवघरात ठेवून उरलेला लोक लिफ्टमध्ये वाटत होते. लिली मेच्या दुसऱ्या आठवड्यात, चौदा गेंद. हा आकडा मुलांनी मोजून नोटीस बोर्डावर लावला.

जूनच्या बैठकीत ठराव सेक्रेटरी काकांनी स्वतः मागे घेतला. बाकं मात्र मंजूर झाली, चारऐवजी दोन, कारण ज्येष्ठ मंडळींना बसायला जागा हवी ही मागणी पहिल्यापासून खरी होती. ती देवचाफ्यांसमोर, भिंतीकडे तोंड करून ठेवली. गेलेलं झाड रीतसर अर्ज करून काढलं, त्या खड्ड्याची माती उन्हाळाभर उघडी तापू दिली, खाली निचऱ्यासाठी विटांचे तुकडे घातले. पाचव्या झाडाची फांदी एप्रिलमध्येच कापून, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवून कुंडीत लावली होती. मूळ धरल्यावर ती तिथे जाईल.

सावरीवर अजून एकमत नाही. तिची जड फुलं खाली उभ्या गाड्यांच्या काचांवर पडतात आणि चिखल होतो, म्हणून त्या दोन जागा सायकल स्टँडला द्याव्यात असा एक प्रस्ताव आहे, पण गाडीमालकांना बदली जागा कुठे द्यायची हे ठरत नाही. एप्रिलमध्ये उडणारा तिचा कापूस हे बियांभोवतीचे तंतू असतात, परागकण नव्हेत. तरीही तो खिडकीतून घरात येतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या दम्याच्या पेशंटला त्याचा त्रास झाला. ती तक्रार मी अहवालात पूर्ण लिहिली आहे. त्या बाजूच्या खिडक्यांना बारीक जाळ्या बसवायचा खर्च सोसायटीनं उचलावा, अशी माझी शिफारस आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे.